बारीक आहे म्हणजे ठणठणीत आहे? आईच्या निमित्ताने आहार-व्यायामाचे गैरसमज

ओसरी

गेल्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. आरती झाली, सगळे उठले, आई उठेना. पाटावर बसलेली. एक हात जमिनीला टेकला, दुसरा आधारासाठी चौरंगाकडे गेला, पण चौरंगावर कलश होता म्हणून तिने तो मागे घेतला. दोनदा प्रयत्न केला. शेवटी वहिनीने काखेत हात घालून उठवलं. "पायाला मुंग्या आल्या गं," आई म्हणाली. मुंग्या नव्हत्या. मी समोरच उभी होते. तिच्या साडीच्या निऱ्या थरथरत होत्या.

आई ६७ वर्षांची. उंची पाच फूट, वजन ४८ किलो. माझ्या लग्नातही एवढंच होतं. आमच्या नात्यात तब्येत राखावी तर हिच्यासारखी, असं तिचं उदाहरण देतात. रोज सकाळी बागेत फेऱ्या, सोमवार, चतुर्थी आणि एकादशीला उपवास, रात्री जेमतेम दहीभात, चहात साखर बंद करून गूळ. आम्हा भावंडांना काळजी असायची ती बाबांची, कारण पोट सुटलेलं बाबांचं.

त्या प्रसंगानंतर तिच्या तपासण्या केल्या. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ७.४ आली, म्हणजे मधुमेह. डॉक्टरांनी टेप घेऊन कंबर मोजली तर ३४ इंच. हातपाय काड्यांसारखे आणि घेर सगळा पोटावर. साडीत ते कधी कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "मावशी, दिवसभरात खाता काय?" आणि आईने सांगितलेलं ऐकताना मला अपराधी वाटत गेलं. चहा-खारी. दुपारी दोन पातळ पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, घासभर भात. संध्याकाळी चहा. रात्री दहीभात. घरी येऊन वही घेऊन हिशेब मांडला, तर प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे आईला रोज ४० तरी. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीत जे काही मिळत असेल ते फक्त दाण्याच्या कुटातून.

बारीक म्हणजे निरोगी, कमी खाणं म्हणजे संयम, चालणं म्हणजे पुरेसा व्यायाम, उपवास म्हणजे पोटाला विश्रांती. या सगळ्यावर माझाही विश्वास होता आणि मी तिला त्याची शाबासकीही देत आले. तुमच्या घरात असं काय काय चालतं आणि त्यातून तुम्ही बाहेर कसे आलात, ते कृपया सविस्तर लिहा. मला आईला पुन्हा स्वतःच्या ताकदीवर पाटावरून उठताना बघायचंय.

पायवाट

ओसरी, स्वतःला दोष देऊ नका. आईंना जे झालंय त्याचा सगळ्यात चांगला अभ्यास आपल्या पुण्यातच झालाय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर दोघे जुळे आणि आतून दुप्पट फरक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वतःचं वजन ज्या समाधानाने बघायचो ते समाधान संपलं.

याची सुरुवात फार आधी होते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांत कमी काय होतं? स्नायू आणि अवयव. चरबी बऱ्यापैकी टिकून होती. बारीक दिसणारी, पण त्या मानाने चरबी जास्त असलेली बाळं. ही ठेवण घेऊन आपण मोठे होतो, पुढे हालचाल कमी होते, आणि साठ-पासष्टीला आई-वडिलांचं हे असं होतं.

म्हणून भारतीयांसाठी मापं वेगळी धरतात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत हवी. तुमच्या आईंचा बीएमआय २१ च्या आत आहे, तो बघून कुणालाही शंका आली नसती. टेपने मात्र ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर दाखवले. घरात वजनकाटा नसला तरी चालेल, शिंप्याची टेप असू द्या.

सह्यवेडा

दहा हजार पावलांबद्दल लिहितो, कारण मीही आईला घड्याळ घेऊन दिलं होतं आणि ती रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पूर्ण करायची. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आला असेल असं मला वाटायचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मोजयंत्र'. तो विक्रीसाठी निवडलेला गोल आकडा. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांच्या पाहणीत दिसलं की दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७५०० नंतर तो फायदा वाढायचा थांबला. आईला हे वाचून दाखवलं. आता ती रात्री वेळेवर झोपते.

चालतीबोलती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १६ वर्षं याच कामात. ओसरी, तुमच्या आईंसारख्या बायका मी रोज बघते, आणि त्या नेहमी गुडघ्यासाठी येतात. "गुडघा धरतो, उठताना त्रास होतो." तपासल्यावर बऱ्याच जणींच्या बाबतीत लक्षात येतं की गुडघ्याहून जास्त दुबळी मांडी आहे.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे कमी होतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हाडांचीही झीज त्यात भर घालते. चालण्याने हृदयाला, मनाला, साखरेला फायदा होतो, चालणं कुणीही सोडू नये. पण सपाट रस्त्यावरचं चालणं मांडीला आणि नितंबांना आणखी बळकट व्हायचं कारण देत नाही, तेवढं ओझं त्यांना कधीचंच सवयीचं झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही आहेत. ते वाक्य कुणी वाचतच नाही.

आणि साखरेशी याचा थेट संबंध आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायची कोठी लहान. त्यामुळे आईंचं पाटावरून न उठता येणं आणि ते ७.४ या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका.

घरी करायची एक चाचणी सांगते. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईंनी दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं. किती वेळा जमतं ते मोजा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी जमत असेल तर पाय दुबळे आणि पडायचा धोका जास्त. तुम्ही शेजारी उभ्या राहा. हीच चाचणी पुढे व्यायाम म्हणून वापरायची: सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून, मग उशी काढून, मग हातात पाण्याची बाटली घेऊन. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीला हात टेकून जोर. एवढ्यावर दोन महिने जातील. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर व्यायामाच्या वेळा त्यांना सांगून ठरवा.

अंगणवेल

मी ५८ वर्षांची. वजनं उचलली की बायका पुरुषांसारख्या दिसतात, दंड फुगतात असं आम्ही मैत्रिणी ठामपणे म्हणत असू. खरं आहे का ताई?

चालतीबोलती

अजिबात नाही. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं, तरी त्यांनाही दंड फुगवायला वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. दोन किलोच्या डंबेलने तुमचे दंड फुगणार नाहीत, पण पाण्याची कळशी उचलताना खांदा दुखायचा थांबेल.

दंडबैठक

कोल्हापूरचा आहे, आजोबा आणि चुलते दोघेही तालमीतले. आमच्याकडचा मोठा गैरसमज असा की पैलवानकी सोडली की स्नायूंची चरबी होते. "म्हणून त्या वाटेलाच जाऊ नका," असं सांगून कितीतरी आयांनी पोरांना तालमीपासून लांब ठेवलं. स्नायू आणि चरबी या वेगवेगळ्या पेशी, एकाचं दुसरं होत नाही. होतं काय ते मी चुलत्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे चारला उठून पाचशे बैठका, जोर, मग हौद्यात लढती. त्या मेहनतीला शोभेल असा खुराक: बदामाची थंडाई, तूप, शेरभर दूध, मटण. तिशीत खांदा निखळला, मेहनत थांबली. खुराक थांबला नाही. आजी रोज प्रेमाने तांब्या भरून दूध द्यायची आणि नको म्हणणं त्यांना जमायचं नाही. स्नायू वापराविना झिजले, वरचं खाणं चरबी होऊन साठलं. दोन वर्षांत पोट पुढे आलं.

दुसरं, बैठका मारून गुडघे जातात असं आता सर्रास ऐकू येतं. आजोबा ७९ व्या वर्षी उकिडवे बसून गोठ्यात धार काढायचे. पण एका माणसाचं उदाहरण पुरावा नाही हे मलाही कळतं. ताई, तुम्ही सांगा.

चालतीबोलती

आजोबांचे गुडघे टिकले कारण भोवतीचे स्नायू शाबूत होते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. पळतानाही गुडघ्यावर असाच दाब पडतो. पळणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात आवडीने पळणाऱ्यांमध्ये खुबा-गुडघ्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली आणि न पळणाऱ्या, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्यांत मात्र १३.३. झीज आधीच झालेली असेल तर उकिडवं बसू नका, खुर्चीच्या उंचीपर्यंतच बैठक करा. दुखतंय म्हणून पाय हलवायचेच नाहीत, हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे.

रानजाई

माण तालुक्यातून लिहितेय. "घरकाम हाच बाईचा व्यायाम, पूर्वीच्या बायका कुठे जिमला जायच्या" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राग येतो. माझी सासू आयुष्यभर खुरपत आली. दिवसभर कमरेत वाकून. डोक्यावर वैरणीचा भारा. तिच्या वयाच्या आमच्या आळीतल्या बहुतेक बायका कमरेतून वाकल्यात, त्या सरळ उभ्याच राहू शकत नाहीत. खाणं काय, तर घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी आणि कालवणाचा रस्सा. त्यातला तुकडा पुरुषांच्या ताटात गेलेला. अंडी कोंबड्यांची घरचीच, पण ती बाजारात विकायला.

कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात आपण ओझं हळूहळू वाढवतो, दोन्ही बाजूंना सारखं काम देतो, मग विश्रांती आणि वर पोटभर खाणं. कष्टात यातलं काहीच बाईच्या हातात नसतं. आणि शहरातल्या घरकामाबद्दल म्हणाल तर मिक्सर, वॉशिंग मशीन, उभा ओटा आल्यावर उठबसच राहिली नाही. ओसरीताई, तुमच्या आईंनी शेवटचं जमिनीवर बसून पोळ्या कधी लाटल्या होत्या?

वर पायवाट यांनी गावांतल्या अभ्यासाचं लिहिलंय. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की ज्या गरोदर बायका पालेभाज्या, फळं वरचेवर खायच्या आणि दूध घ्यायच्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. पालेभाजी रानात फुकट मिळते. ती बाईच्या ताटात पडावी एवढंच आम्ही बचत गटात सांगत असतो.

ओसरी

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून मी आठवत बसले. आमच्याकडे ओटा १९९४ मध्ये झाला. त्याआधी आई स्टोव्हपाशी पाटावर बसायची. म्हणजे तीस वर्षं ती फक्त सणावाराला खाली बसते.

आज चाचणी घेतली. पाच वेळा. सहाव्यांदा अर्धवट उठून बसली.

अंगणवेल

मी स्वतः दोन वेळा जेवणारी आहे. डॉ. जिचकार सांगायचे आणि डॉ. दीक्षितांनी घराघरांत पोचवली ती पद्धत: दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, आणि पाऊण तास चालणं. माझं वजन ८१ होतं, ७२ वर आलं, साखर उतरली. त्यामुळे कमी वेळा खाणं वाईट असं कृपया कुणी म्हणू नका.

पायवाट

अंगणवेल, तुमचा अनुभव खरा आहे आणि ८१ किलोच्या बाईला त्याचा उपयोग होणं साहजिक आहे. ओसरींच्या आईंची अडचण उलटी आहे. त्यांची भूक चिमणीएवढी, वजन ४८. त्यांना ४० ग्रॅम प्रथिनं दोन जेवणांत बसवणं फार अवघड जाईल. एकाला लागू पडलेला उपाय बघून दुसऱ्याने तोच उचलायचा, त्यातूनच अर्धे गोंधळ होतात. आईंनीही रात्रीचं जेवण कमी केलं ते कुणीतरी वजन उतरवायला सांगितलेलं ऐकूनच ना?

सह्यवेडा

आणखी काही पटकन. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी कमी होत नाही, शरीर ती कुठून उचलायची हे आपल्याला विचारत नाही. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. चरबी जळते तेव्हा बहुतेक श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जाते: दहा किलोतली ८.४ किलो श्वासातून, उरलेली पाणी होऊन. कोमट पाण्यात मध-लिंबू आवडतं म्हणून प्या, चरबी त्याने हलत नाही. आणि प्रथिनांची पावडर म्हणजे औषध किंवा स्टेरॉइड नाही. व्हे म्हणजे दुधाचं चीज केल्यावर जे पाणी उरतं त्यातलं प्रथिन, वाळवून भुकटी केलेलं. पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत पावडरींपेक्षा जेवणातून प्रथिनं घ्या असंच सांगितलंय, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर जेवणातलीही प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवायची.

ओसरी

मूत्रपिंडाची तपासणी झालीय, व्यवस्थित आहे. गुळाचं काय ते मात्र सांगा. आई म्हणते, "साखर विष, गूळ औषध."

पायवाट

गुळाच्या शंभर ग्रॅमला ३८० च्या आसपास कॅलरी, साखरेच्या चारशेच्या आसपास. बहुतांश साखरच ती. थोडं लोह आणि खनिजं असतात, पण चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह अगदी किरकोळ, त्यात चहा ते शोषूही देत नाही. मधुमेहात गूळ साखरेच्याच खात्यात लिहा.

आणि साबुदाणा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. उपवास सोडायला सांगू नका, श्रद्धेचा भाग आहे, त्या दुखावतील. ताटातलं बदला. शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, पनीर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि दाणे उपवासाला आधीपासून चालतातच.

रानजाई

वरण पातळ करू नका. आमच्याकडे पाहुणे आले की डाळीत पाणी वाढवतात, ती सवयच पडते. डाळ घट्ट शिजवा. मोड आलेल्या मुगाची उसळ, हुलग्याची पिठी, ज्वारीची भाकरी. एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम प्रथिनं असतात, हे मला बचत गटाच्या प्रशिक्षणात कळलं. भाकरी ही गरिबाची भूक भागवायची गोष्ट असं वाटायचं तोवर.

अंगणवेल

आणि शतपावली विसरू नका! आमच्या आजी जेवणानंतर अंगणात घालायच्या.

चालतीबोलती

ती सवय अगदी योग्य होती. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं की त्या जेवणाची साखर कमी चढते. आईंची सकाळची एक फेरी तोडून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर वाटून टाका. शंभर पावलांवर थांबू नका, जरा वाढवा.

ओसरी (सात आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. पहिले पंधरा दिवस आई रागावलेली होती. "या वयात उठाबशा? शिक्षा केल्यासारखं वाटतं." मग मी तिच्यासमोर खुर्ची मांडून स्वतः करायला लागले. आता दोघी समोरासमोर बसतो आणि ती मोजते. काल अर्ध्या मिनिटात नऊ झाल्या. एचबीए१सी तीन महिन्यांनी करायचंय, त्यामुळे त्याबद्दल आत्ताच काही लिहीत नाही. रात्री दहीभाताऐवजी मुगाची धिरडी आणि दही. अंडं खाणार नाही म्हणाली, तो विषय मी सोडून दिला. जमिनीवरून उठताना अजून एक हात गुडघ्यावर टेकावा लागतो. दुसरा हात मात्र आता कशाला धरत नाही.

आज एकादशी. सकाळी आमटीसाठी दाणे तिनेच भाजले. आत्ता मी हे लिहितेय आणि ती ओट्याला धरून उभी आहे, दुधाला उकळी येईपर्यंत टाचा उचलतेय, आणि मला आतून हाक मारून विचारतेय की वीस झाल्यावर थांबायचं की पंचवीस करायच्या.